पोचा कुठी गेला?

कोसमटोला, ता. सिंदेवाही
२० ऑगस्ट १९८६

रुखमाच्या आईस जयभीम.

जाताना धानाच्या कोठीची किल्ली कुठे ठेवली ते तू सांगून गेली नाहीस. ती मला पाटाखाली सापडली आहे. तेव्हा हे पत्र किल्लीसाठी नाही.

सोमाजीकडे हवं तेवढं राहा. भावाचं घर आहे, खाणीच्या क्वार्टरला नळही आहे म्हणतात. इथला धानाचा रोवणा तुझ्यावाचून उरकला. इतवारीच्या बायकोनं बायका जमवून आणल्या. बोडीच्या तळ्याखालच्या बांधीत ओळी वाकड्या गेल्या आहेत. मी धुऱ्यावर उभा राहून सांगत होतो, पण ऐकतं कोण.

तू रागात अर्धंच ऐकून गेलीस, म्हणून सगळं क्रमानं लिहितो. सोमाजीला वाचायला देऊ नकोस. तुला अक्षरं मी शिकवली आहेत, तुझं तू वाचू शकतेस.

यंदा दीक्षेला तीस वर्षं होतात. चंद्रपूरच्या दीक्षेचा दिवस सोळा ऑक्टोबर. त्या दिवशी गावच्या विहिरीजवळ पितळेचं अशोकचक्र उभं करायचं आपल्या मोहल्ल्यानं ठरवलं. पितळ विकत घ्यायचं नाही, घराघरातून येईल ते घ्यायचं. ही कल्पना मंडळाच्या गुणवंतरावांची. ओतायचं कसं, हे मात्र गावात मला एकट्यालाच ठाऊक. आणि मला कोणी शिकवलेलं नाही. तरुणपणी चंद्रपूरला एका ओताऱ्याच्या दारी कोळशाची पोती टाकत होतो. तो मला उंबऱ्याच्या आत घेत नसे. उंबऱ्याबाहेरून जेवढं दिसलं तेवढं पाहिलं, बाकीचं घरी येऊन हात भाजून घेऊन शिकलो. सगळे म्हणत होते, अख्खं चाक एकदम ओता. मी नाही म्हटलं. मधला तुंबा वेगळा, बाहेरचं कडं तुकड्यातुकड्यानं, आरे सुटे, आणि सगळं बोल्टनं जोडायचं. एखादा आरा पुढे बिघडला तर तेवढाच काढता आला पाहिजे. गुणवंतराव शाळामास्तर असून त्यांना हे सुचलं नव्हतं.

आता पाण्याच्या गुंडाचं. तुझी आई केसरबाई चंद्रपूरहून दीक्षा घेऊन आली आणि तो पितळी गुंड कमरेवर घेऊन पहिल्यांदा गावच्या विहिरीवर चढली. वरच्या आळीच्या वामनरावनं गुंड हिसकला आणि काठाच्या दगडावर आपटला. पोटाला पोचा पडला. आईनं तो तसाच उचलला, तसाच भरला, तसाच घरी आणला. मी तेव्हा या गावचा नव्हतो, पण आईच्या तोंडून हे इतक्यांदा ऐकलं आहे की मला तो आवाजसुद्धा माहीत आहे. असा गुंड स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात झिजत राहावा की चाकात जावा? तूच सांग.

किती वर्षं तुला म्हणत होतो, लाकडी मोगरीनं आतून ठोकून पोचा काढून देतो. तू हात लावू दिला नाहीस. गुंड उचलताना तुझा अंगठा त्या पोच्यातच बसायचा. भांडं असावं तर सरळ असावं हे माझं मत होतं आणि आजही आहे.

तू रुखमाच्या बाळंतपणाहून परत आलीस तेव्हा मी त्या गुंडाचा ओतलेला आरा घासून, पुसून तुझ्यापुढे ठेवला. सगळ्या आऱ्यांत तो सरस उतरला आहे, एक बुडबुडा नाही. तू त्यावर हात फिरवलास आणि एवढंच विचारलंस, "पोचा कुठी गेला?" मी म्हटलं, वितळला. यात मी खोटं काय बोललो? आणि सकाळच्या बसनं तू निघून गेलीस.

एक गोष्ट लक्षात ठेव. बाकीच्या आऱ्यांत दोन-दोन, तीन-तीन घरांची भांडी एकत्र वितळली आहेत. आईचा आरा मी वेगळा ओतला. एवढा मान मी दुसऱ्या कोणाच्या भांड्याला दिलेला नाही.

हरिदास


कोसमटोला
८ सप्टेंबर १९८६

रुखमाच्या आईस जयभीम.

मुखरू विटाभट्टीचा कोळसा आणायला ट्रकवर माजरीकडे गेला होता, त्याच्याकडून तांदूळ पोचले असतील. तो सांगत होता की तू गाय व्याली का विचारलंस, कोठीला उंदीर लागले का विचारलंस, आणि बाकी काही विचारलं नाहीस. एवढं सगळं मला सांगायची त्याला गरज नव्हती.

गाय व्याली. गोऱ्हा आहे.

चाकाचं काम पुढे सरकतं आहे. लोक काय काय घेऊन येतात, तू असतीस तर हसली असतीस. नथ्थू दंडारीच्या नाचात बाई व्हायचा, त्यानं पायातली घुंगरं आणून दिली. देताना म्हणाला, आता गुडघेच वाजतात, घुंगरं कशाला. गोंडटोल्याचा चैतू बैलाच्या गळ्यातली घंटा घेऊन आला. त्याला कोणी मागितली नव्हती. भट्टीपाशी उभं राहून त्यानं ती एकदा वाजवली, मग खाली ठेवली. नीलाबाईनं स्टोव्हची पितळी टाकी दिली, नवऱ्याला न सांगता. दुसऱ्या दिवशी तो मागायला आला, तोवर टाकी मुशीत गेली होती. आता तो चहा मागतो तेव्हा ती म्हणते, "चाक उभं होऊ द्या, त्याच्यावर मांडतो आधण."

कड्याचा एक तुकडा दोनदा वाया गेला. साच्याची वाळू ओली राहिली होती. तुसाची राख मी स्वतः चाळून घ्यायला हवी होती, इतवारीवर सोडली. तिसऱ्यांदा बरोबर आला.

आता एक विचारायचं आहे. आखाडीच्या सणाच्या सुमारास, तू रुखमाकडे होतीस तेव्हा, सुगंधाबाई आली होती. वामनरावची बायको. तो जाऊन आता किती वर्षं झाली, तुला ठाऊकच आहे. पदराखाली लोटा होता, त्यांच्या घरचा जुना, चांगला जाड. वरच्या आळीतून आलेलं हे एकच भांडं. म्हणाली, "घ्याचा असंल तं घ्या. नाई घेसान तरी मी काई म्हणाची नाई." मंडळाच्या बैठकीत तो लोटा मधोमध ठेवला. मग गुणवंतराव म्हणाले, "हे आपल्याले ठरवता येत नाई. अंजनाबाईच्या मायचा गुंड त्या घरच्यानं आपटला. अंजनाबाईले इचारा. थे हो म्हणंल तं घेऊ, नाई म्हणंल तं सुगंधाबाईले मानानं वापस करू." विचारायचं काम माझ्याकडे दिलं.

म्हणून विचारतो. माझं मत म्हणशील तर धातूला जात नसते. मुशीत गेल्यावर तांब्या कोणता आणि ताट कोणतं हे ओतणाऱ्यालाही ओळखता येत नाही. म्हातारी आपल्या पायानं आपल्या मोहल्ल्यात आली, हेही काही लहान नाही. तरी तुझा शब्द महत्त्वाचा. हो म्हणालीस तर बरं होईल.

सोमाजीकडून दोन ओळी लिहून पाठव, किंवा मुखरूजवळ तोंडी सांग. लवकर कळव.

हरिदास


कोसमटोला
२५ सप्टेंबर १९८६

रुखमाच्या आईस जयभीम.

सोमाजीचं कार्ड मिळालं. तू सांगितलंस तसंच त्यानं लिहिलं असावं, कारण ही त्याची भाषा नाही. "थो लोटा चाकात लागला तं माह्या मायचा गुंड काढा. दोन्ही एका चाकात नाई राहाचे." खाली त्यानं स्वतःकडून लिहिलं आहे की भाऊजी, ती रागावून नाही बोलली, सावकाश बोलली.

कार्ड आलं त्याला आठवडा झाला. खिशात घेऊन फिरतो आहे. सुगंधाबाई परवा बोडीच्या पाळीवर भेटली आणि विचारलं, अंजनाबाई काय म्हणते. मी म्हटलं, अजून पत्र नाही. कार्ड तेव्हाही खिशात होतं.

गुंड काढता येत नाही. का येत नाही ते लिहितो.

आखाडीनंतरच्या त्या दिवशी मी आईचा गुंड मुशीत घातला तेव्हा मला वाटलं होतं की तेवढ्यात आरा होईल. गुंड दिसायला मोठा. पण तुझ्या आईनं आणि मग तू राखेनं घासून-घासून त्याचा पत्रा पिंपळाच्या पानासारखा पातळ झाला होता. हातात उचललं तेव्हाच मला कळायला हवं होतं. वितळल्यावर मुशीत पाहिलं तर रस कमी. शिवाय जुनं पितळ, पुन्हा-पुन्हा तापलेलं, लाल झालेलं. असा रस जाड वाहतो, साच्याच्या टोकाला पोचायच्या आत गोठतो. आरा अर्धा आला असता, आणि अर्धा आरा म्हणजे गुंडही गेला आणि आराही गेला. त्यात ताजं पितळ घालायलाच हवं होतं. भट्टी पेटलेली, भात्यावर इतवारी, पांढरा धूर सुटलेला. तो धूर सुटला की जस्त जळायला लागतं, तिथे थांबता येत नाही. हाताशी काय होतं? बाकीची भांडी गुणवंतरावांकडे कुलपात होती. फळीवर फक्त सुगंधाबाईचा लोटा होता, तुला विचारेपर्यंत बाजूला ठेवलेला. पिवळाधमक, जाड, हवा तसाच.

मी तो घातला.

दोन्ही एकाच मुशीत आहेत. आता ते कोणालाच वेगळे करता यायचे नाहीत, चंद्रपूरच्या ओताऱ्यालाही नाही. पहिल्या पत्रात मी आईचा आरा वेगळा ओतला असं लिहिलं, ते खरं नव्हतं. दुसऱ्या पत्रात लोटा घेऊ का असं विचारलं तेव्हा तो कधीच घेऊन झाला होता. तू हो म्हटलं असतंस तर सगळं बसून गेलं असतं.

आता तू विचारशील, आणि कार्ड वाचल्यापासून मीही स्वतःला विचारतो आहे, की तुला न विचारता गुंडाला हात लावलाच कशाला. तू आठ दिवसांत परत येणार होतीस. लोट्याच्या त्या बैठकीत कोणाच्या घरून काय आलं ते वाचून दाखवत होते. माझं नाव आलंच नाही. इतवारी हसत म्हणाला, "जावयाच्या घरून काय येते? जावयाचं घर कोणतं?" सगळे हसले. मीही हसलो. रात्री घरात नजर टाकली. ताट, तांब्या, परात, गुंड, सगळं तुझ्या आईचं, नाहीतर तुझं. या घरात सासरा म्हणून कोणी मला काही दिलं नव्हतं आणि माझ्या बापाकडून मी अंगावरच्या कपड्यानिशी घरजावई म्हणून आलो होतो. चाक मी ओतणार, आणि त्या चाकात माझ्याकडचं काहीच नाही. ते मला सहन झालं नाही. मग म्हटलं, द्यायचं तर सगळ्यात मोठं द्यायचं.

हे लिहून झाल्यावर वाचलं. यात मला फाडावंसं वाटतं असं बरंच आहे. पण फाडत नाही.

हरिदास


कोसमटोला
९ ऑक्टोबर १९८६

रुखमाच्या आईस जयभीम.

तुझ्याकडून काही आलं नाही. मी येईल असं धरलंही नव्हतं.

गुणवंतरावांना सांगितलं. त्यांच्या ओसरीवर मंडळाचे सगळेच बसले होते, म्हणजे सगळ्यांनाच सांगितलं. मग इतवारी म्हणाला की आता हे इथल्या इथं पुरून टाका, कार्यक्रमाला आठवडा राहिला, नागपूरचे पाहुणे येणार, पत्रकं वाटून झाली. पितळ ते पितळ. बायकोचं मन आहे, येईल ताळ्यावर. भाता त्यानंच ओढला होता, लोटा मुशीत जाताना त्यानंच पाहिला होता.

गुणवंतरावांनी चष्मा पुसला. ते मला नेहमी ओतारीभाऊ म्हणतात, त्या दिवशी नावानं बोलले. "हरिदासभाऊ, थे नाई म्हणंल, हे तुमाले माईत होतं. म्हणूनच तुमी इचारलं नाई."

मी उठून आलो. त्यांना भट्टीतलं काही कळत नाही. पण हे मात्र त्यांना बरोबर कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सुगंधाबाई आली. बातमी वरच्या आळीत पोचायला किती वेळ लागतो. मला वाटलं, लोटा चाकात गेला म्हणून बरं वाटलं असेल. ती भट्टीच्या दाराशी टेकून उभी राहिली. दम लागला होता. म्हणाली, "मी लोटा काऊन देल्ला, तुमाले माईत आहे?" मी म्हटलं, तुमच्या घरच्यानं जे केलं त्यासाठी. तर म्हणे, "थे त आहेच. पण मले अंजनाबाईकडून आयकाचं होतं. थे नाई म्हणली असती तरी चाललं असतं. थे मले तोंडावर नाई म्हणाले आली असती. तीस वरसं आमी एका विहिरीवर पाणी भरून राह्यलो, थे माह्याशी एक शब्द बोलली नाई. तुमी थे बी घेऊन टाकलं." मग पदरानं तोंड पुसून निघून गेली.

गुंड तुझा होता तो मी घेतला, एवढंच मी धरून चाललो होतो. म्हातारीचंही काही घेतलं आहे, हे मला तेव्हा कळलं.

काल बोल्ट सैल करून आरा काढला. मंडळाचं म्हणणं, शिल्लक पितळात दुसरा ओत, दोन दिवसांचं काम आहे, कोणाला कळणार. दोन दिवसांचं काम आहे हे खरं. शेडमध्ये पितळ आहे, साचा आहे, वाळू चाळलेली आहे. आणि एक आरा नसलेलं चाक मी लोकांपुढे उभं करावं, हे मला किती जड जातं ते तुझ्याशिवाय कोणाला कळणार नाही. तुझ्या हातची बाजेची एक दोरी तिरपी गेली तरी मी उकलून पुन्हा विणायला लावत होतो. पण ओततो म्हटलं आणि हात उचलला नाही. दुसरा आरा बसला की मग विचारायला काही उरत नाही, आणि तेच मी एकदा करून बसलो आहे.

आरा पोत्यात गुंडाळून मुखरूबरोबर पाठवतो आहे. यात तुझ्या आईचा गुंड आहे आणि सुगंधाबाईचा लोटाही आहे. दोघांतलं एकच परत करणं माझ्या हातात नाही, म्हणून दोन्ही तुझ्याकडे येतात. नदीत टाकावंसं वाटलं तर टाक. मला कळवायची गरज नाही.

जड आहे. उचलताना सोमाजीला सांग.

हरिदास


कोसमटोला
१७ ऑक्टोबर १९८६

रुखमाच्या आईस जयभीम.

काल चाक उभं राहिलं. हलक्या धानाची कापणी सुरू आहे, तरी आजूबाजूच्या गावांतून लोक आले. निळे झेंडे बोडीच्या पाळीपासून विहिरीपर्यंत लावले होते. रुखमा बाळाला घेऊन जावयासोबत आली होती. ती माझ्याशी बेताचंच बोलली. बाळाचं कपाळ तुझ्या आईसारखं आहे.

चाक चबुतऱ्यावर बसवताना रिकामी जागा मी खालच्या अंगाला घेतली होती. खाली हार, गुच्छ, मेणबत्त्या येतात, तिथे ती झाकली गेली असती. बोल्ट आवळून झाल्यावर घरी आलो, पडलो, पण झोप लागली नाही. पहाटे चैतूला हाताशी घेऊन पुन्हा सैल केलं आणि चाक फिरवून ती जागा विहिरीच्या बाजूला, पाणी भरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आणली. चैतूनं काऊन असंही विचारलं नाही. त्याच्या घंटेचा आरा त्याला लगेच ओळखू आला, मी सांगितल्याशिवाय. कसा ते मला ठाऊक नाही, त्यात घंटेचं काही दिसत नाही.

नागपूरचे पाहुणे बोटानं आरे मोजायला लागले. मला वाटलंच होतं, मोजणारा एक तरी निघतो. त्यांनी गुणवंतरावांना विचारलं, गुणवंतरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी माइकपाशी गेलो. बोलायचं ठरवून गेलो होतो, कागदावर लिहूनही नेलं होतं, पण कागद काढला नाही. म्हटलं, हे चाक दिलेल्या भांड्यांचं आहे. त्यात एक आरा घेतलेल्या भांड्याचा होता. ज्यांचं होतं त्यांना विचारलं नव्हतं, म्हणून तो परत केला. बाकीचं काम माझं आहे, कोणाला कुठे उणं दिसलं तर सांगावं.

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. मागून कोणीतरी म्हणालं, "जावयानं जिरवून घेतली आपली." दोन-चार जण हसले. इतवारी हसला नाही. मग बुद्धवंदना सुरू झाली.

सुगंधाबाई वरच्या आळीच्या तोंडाशी उभी होती, एकटीच. खाली आली नाही आणि शेवटपर्यंत गेलीही नाही.

रात्री सगळे पांगल्यावर मी चाकापाशी बसलो होतो. मोकळ्या जागेतून विहिरीचा काठ दिसतो, आणि तो दगडही. इतकी वर्षं मी त्या दगडावरून पाणी नेतो आहे, पण तोच तो दगड हे कधी मनाशी आणलं नव्हतं.

हरिदास


कोसमटोला
३ नोव्हेंबर १९८६

रुखमाच्या आईस जयभीम.

सोमाजी काल आला. खांद्यावर पोतं होतं. ते उतरवून ठेवल्याशिवाय पाणीसुद्धा प्याला नाही.

पोतं मी सोडलं. आरा पाहिला. आधी वाटलं, ट्रकमध्ये कशाखाली तरी चेंगरला. मग हात लावला. मधोमध, जाड भागात, खोलगट बसलेलं, कडेला पितळ थोडं उचललेलं. हे चेंगरल्याचं नव्हे.

सोमाजीनं सांगितलं. तू दोन आठवडे पोतं खाटेखाली तसंच ठेवलंस. मग एका सकाळी त्याच्याकडून खाणीतला घण मागून घेतलास. क्वार्टरमागच्या दगडावर आरा ठेवलास. पहिला घाव निसटला आणि दगडाचा टवका उडाला. सोमाजी आरा धरायला पुढे आला तर तू म्हणालीस, तू नको. शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. तू मारत राहिलीस. मधे थांबून त्या खड्ड्यात अंगठा ठेवून पाहायचीस, आणि पुन्हा घण उचलायचीस. शेवटी अंगठा बसला तेव्हा थांबलीस. मग घण धुऊन त्याला परत दिलास.

त्याच्याबरोबर पाठवलेले तुझे दोन्ही निरोप मिळाले. त्यानं जसे सांगितले तसेच लिहून ठेवतो. एक मला, "लावाचा असंल तं असाच लावा. कानस मारली तं मले दिसंल." दुसरा सुगंधाबाईला, "मी विहिरीवर येईन तवा बोलीन. काय बोलीन, थे मी ठरवीन." हा दुसरा मी कालच तिच्या दारात जाऊन सांगितला. मी पहिल्यांदाच त्या घराच्या पायरीशी गेलो. तिनं दोनदा ऐकून घेतला आणि बरं म्हणाली.

तू कधी येणार, हे मी सोमाजीला विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

आज आरा बसवला. बसेना. तुझ्या घावांनी तो सुतभर वाकला आहे. तुंब्याकडून बरोबर बसतो, पण कड्याकडचं भोक जुळत नाही. दगडावर ठेवून लाकडी मोगरीचे दोन ठोके मारले असते तर सरळ झाला असता. मोगरी भिंतीलाच टांगलेली होती. इतवारी म्हणाला, "मारा ना भाऊ, पोच्याले हात लागत नाई, वाकच त काढाचा आहे." कानसही हातात होती.

कानस मी कड्याला लावली. तीनदा ओतून आणलेलं ते कडं, ज्याची सगळी भोकं मी दोरी लावून एकसारखी पाडली होती, त्यातलं एक भोक तिरपं वाढवलं. आता बोल्ट बसला आहे. जवळून पाहिलं तर एक आरा वाकडा दिसतो. लांबूनही दिसतो.

सकाळपासून पाणी भरायला येणाऱ्या बायका जाता-जाता हात लांबवून त्या पोच्यात अंगठा ठेवून पाहतात. नीलाबाईनं पाहिला, इतवारीच्या बायकोनं पाहिला. मी चबुतऱ्याजवळच बसून होतो. मी अजून ठेवलेला नाही.

हरिदास